एका गुंठ्याचा शेतकरी

गुरुजींनी मला साक्षरता वर्गाची बाई केलं, तेव्हा गणित येतं का हे सोडून बाकी सगळं विचारलं. बारावी झाली का, मोबाइल आहे का, दुपारी मोकळी असतेस का. मी तिन्हीला हो म्हणाले. आमच्या वस्तीवर बारावी झालेली बाई मी एकटीच. माझं माहेर कडा गावाकडचं. तिथं साखर कारखान्यामुळं गाड्यांची ये-जा भरपूर, त्यामुळं कॉलेजला जाता आलं. सासर धारूरच्या डोंगरकडेला, मेंढपाळांच्या वस्तीवर. इथं शाळा चौथीपर्यंत आणि गुरुजी एकच. दहावीला गणितात मी काठावर पास झाले होते. गुरुजींनी विचारलं असतं तर मी सांगितलंही असतं.

वर्ग दुपारी दोन ते चार, देवळासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. शिकणारे दहा जण. नऊ बाया आणि एक पुरुष. तो पुरुष म्हणजे माझे सासरे.

सासऱ्यांना आमच्याकडं मामा म्हणतात आणि सासूला आत्याबाई. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण मामांशी मी समोरासमोर चार शब्दांच्या वर कधी बोलले नव्हते. चहा ठेवलाय, पाणी तापलंय, एवढंच, तेही डोक्यावरचा पदर सारखा करत. त्यांनी जन्मभर मेंढरं राखली. आता गुडघ्यामुळं डोंगर चढवत नाही म्हणून मेंढरं माझा नवरा आणि दीर नेतात आणि मामा दिवसभर घरी. ते वर्गाला येतील असं मला वाटलंच नव्हतं. पहिल्या दिवशी ते आले, शेडच्या मागच्या पत्र्यापाशी गेले आणि पत्र्याकडं तोंड करून, माझ्याकडं पाठ करून बसले.

"आवं, फळा हिकडं हाय," आत्याबाई म्हणाल्या.

"म्हाईत हाय," मामा म्हणाले. "सुनंनं सासऱ्याच्या तोंडाकडं बघत शिकवायचं म्हंजे तिला अवघड जाईल. मी ऐकतो."

तेव्हा मी महिनाभर मामांच्या पाठीला शिकवलं. ते पाटी मांडीवर घेऊन पत्र्याकडं बघत लिहायचे. लिहून झालं की पाटी डोक्यावरून मागं धरायचे. मी ती घ्यायची, तपासायची आणि त्यांच्या डोक्यावरून परत पुढं द्यायची. बाया सुरुवातीला हसल्या, मग त्यांना सवय झाली. महिन्याभरात मामांना स्वतःचं नाव लिहिता आलं, शंभरपर्यंत आकडे आले, आणि मला त्यांच्या सदऱ्याच्या पाठीवरचं एकेक ठिगळ पाठ झालं.

मग सरावाच्या पुस्तिकेतलं ते उदाहरण आलं.

मी फळ्यावर लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं. "एका शेतकऱ्याच्या चौरसाकृती शेताची बाजू दहा मीटर आहे. त्याला शेताभोवती कुंपण घालायचे आहे, तर किती मीटर तार लागेल?"

मामांची पाठ हलली. "मीटर म्हंजे किती फूट?"

"सव्वातीनच्या वर थोडं."

"म्हंजे दहा मीटरचं तेहतीस फूट धरायला हरकत न्हाई. तेहतीस इकडून, तेहतीस तिकडून." आणि मामा चक्क फिरले. पत्रा सोडून, फळ्याकडं तोंड करून बसले. "आगं, हा तर एक गुंठा झाला! ह्या शेतकऱ्याला सगळं मिळून एकच गुंठा रान हाय?"

मी पदर सावरला. "मामा, ते उदाहरण हाय. चार बाजू, प्रत्येक दहा, म्हणून चार गुणिले..."

"कुठल्या गावचा हाय?"

"गाव दिलेलं न्हाई."

"गाव लपवलं," मामा बायांकडं बघून म्हणाले. "आणि एका गुंठ्यात गडी पेरणार काय? आणि त्याला कुंपण कावून घालायलाय?"

"भावानं फसवलं आसंल वाटणीत," आत्याबाई म्हणाल्या. "मोठ्या भावानं. वरचं सगळं रान घेतलं आसंल आणि ह्याच्या तोंडावर गुंठा फेकला आसंल."

"म्हणूनच कुंपण," कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली. "भाऊ तेवढंबी नांगरून घेईल म्हणून भ्यायलंय बिचारं."

तासभर चर्चा चालली. शेतकऱ्याचं लग्न झालंय की नाही यावर एकमत झालं नाही. एकीचं म्हणणं, एका गुंठ्यावर त्याला पोरगी कोण देईल. दुसरीचं म्हणणं, लग्न झालेलंच आहे, बायकोनंच त्याला कुंपण घालायला लावलं. मी शेवटी फळ्यावर चाळीस लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

"चाळीस न्हाई," मामा म्हणाले. "छत्तीस. फाटकाला चार मीटर सोडशील का न्हाई? सगळीकडून तार ठोकल्यावर गडी आत जाणार कसा?"

पुस्तिकेच्या मागच्या पानावर उत्तर चाळीसच होतं. मी ते दाखवलं. मामांनी ते अक्षर लावून वाचलं आणि म्हणाले, "मग ह्याला तार इकणारानंबी फसवलं."

त्या दिवसापासून मामा फळ्याकडं तोंड करून बसायला लागले, पण वर्ग पुढं सरकेना. पुढचं उदाहरण त्याच शेताच्या क्षेत्रफळाचं होतं. दहा गुणिले दहा, शंभर चौरस मीटर. ते कुणी लिहूनच घेईना. "किती का आसंना, गुंठाच हाय ना," असं म्हणून सगळे सुस्कारे टाकायचे. मग आलं, एक सरपंच चौरस बागेभोवती रोज पाच फेऱ्या मारतो, बागेची बाजू पन्नास मीटर, तर तो किती चालतो? बायांना कळेना की सरपंच बागेत न जाता भोवतीनं कशाला फिरतो. आत्याबाईंनी सांगितलं की निवडणूक जवळ आली असणार. त्या सरपंचाबद्दल मात्र कुणाला काही वाटलं नाही. सगळ्यांचा जीव गुंठेवाल्यात अडकला होता.

अशात एक दिवस आमच्या भागातले पुढारी वर्गाला भेट द्यायला आले. त्यांच्या दोन गाड्या, मागं दहाबारा माणसं, एक फोटोवाला. त्यांनी पाट्या वाटल्या. आमच्याकडं पाट्या होत्याच, आता प्रत्येकीला दोन झाल्या. फोटो निघाले. मग पुढारी मामांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बोला बाबा. काही अडचण? मोकळं बोला."

मामा उभे राहिले. "साहेब, आमची काय अडचण न्हाई. पण एक शेतकरी हाय. त्याच्यावर लई अन्याव झालाय."

"कुठला?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी पुढं झाले. "साहेब, तसं काही नाही, तो पुस्तकात..."

"ताई, पुस्तकं कमी पडलीत का? पाठवून देऊ. बाबांना बोलू द्या."

"त्याला एक गुंठा रान हाय," मामा म्हणाले. "चौरस. दहा मीटर बाजू. भावानं बाकीचं गिळलं. आता तेवढ्याला कुंपण घालायलाय, तर तारबी बरोबर देईनात."

पुढाऱ्यांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच वाईट वाटल्यासारखं दिसलं. ते मागच्या माणसाकडं वळून म्हणाले, "घे रे लिहून. एक गुंठा, चौरस, भावाचं अतिक्रमण. तहसीलला आजच पाठव. काय केलं ते तहसीलनं मला लिहून दिलं पाहिजे."

"शेतकऱ्याचं नाव काय टाकू?" तो माणूस मला विचारू लागला.

"अहो, नाव दिलेलंच नाही," मी म्हणाले.

"नाव देत नाही. घाबरतोय," तो मान डोलवून म्हणाला आणि त्यानं तसंच लिहिलं. संपर्कासाठी माझा मोबाइल नंबर घेतला. पाच मिनिटांत दोन्ही गाड्या धूळ उडवत तेलगावच्या दिशेनं निघून गेल्या. बायांनी टाळ्या वाजवल्या. मी गुरुजींना फोन करून सगळं सांगितलं. गुरुजी म्हणाले, "हजेरी पूर्ण होती ना?"

पंधरा दिवसांनी, सकाळी नऊच्या सुमाराला, मेंढरं अजून निघायची होती तेव्हा तलाठी आले. मोटारसायकलवर मागं कोतवाल, कोतवालाच्या मांडीवर मोजणीची टेप आणि कागदांची पिशवी. तलाठी मध्यमवयीन, अंगानं बारीक, आणि रात्रीची झोप झाली नसल्यासारखा चेहरा. त्यांनी मला एक कागद दाखवला. वर तीन शिक्के, शेजारी लाल शाईत 'तातडीचे'.

मी त्यांना पुस्तिका आणून दाखवली. पान उघडून दिलं. त्यांनी उदाहरण वाचलं, कागद वाचला, परत उदाहरण वाचलं.

"हा पुस्तकातला माणूस आहे," ते म्हणाले.

"हो."

"म्हणजे प्रत्यक्षात नाही."

"नाही."

ते ओट्यावर बसले. मी पाणी दिलं. पाणी पिऊन ते म्हणाले, "ताई, मला हे कळलं. तुम्हालाही कळलं. पण सदर शेतकरी पुस्तकात आहे असं मी वर लिहून पाठवलं, तर मलाच नोटीस निघेल. त्यांनी स्थळपाहणी मागितलीय. पंचनामा लागणार. पंचनाम्याला स्थळ लागणार. स्थळ कुठून आणू?"

मामा बाजूलाच उभे होते. "त्यात काय अवघड हाय, भाऊसाहेब? स्थळ आमी करून देतो."

आमच्या घरामागं पडीक रान आहे. मेंढरं बसवायची जाळी, म्हणजे वाघर, तिथं गुंडाळून पडलेली असते. मामांनी दिराला हाक मारली, चार मेखा काढायला लावल्या. कोतवालानं टेप धरली. दहा मीटर मोजून एक मेख, तिथून वळून दहा, परत वळून दहा, परत वळून दहा. वाघर ताणून बांधली. तोवर वर्गातल्या बाया हातातली कामं टाकून आल्या होत्या.

"झालं," तलाठी म्हणाले. "चारी बाजू दहा. चौरस."

"न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "हे कलंडलंय."

आत्याबाईंनी तरुणपणी दोन-तीन वर्षं घरांच्या बांधकामावर काम केलेलं. पाया आखताना गवंडी काय करतो ते त्यांनी बघितलेलं. त्यांनी कोतवालाच्या हातातली टेप घेतली, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात धरली, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांत. एक पंधरा मीटर भरली, दुसरी तेराच्या आसपास.

"दोन्ही सारख्या याला पायजेत," त्या म्हणाल्या. "न्हाई तर ते पतंगासारखं होतं. बाजू सारख्या आसल्या म्हणून काय झालं?"

तलाठ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पुस्तिकेत बघितलं. पुस्तिकेत याबद्दल काहीच नव्हतं. मग मेखा उपटल्या, सरकवल्या, परत ठोकल्या. तिसऱ्या खेपेला दोन्ही तिरक्या टेपा चौदा मीटर आणि वर थोडं अशा सारख्या आल्या. आत्याबाईंनी टेप गुंडाळून तलाठ्यांच्या हातात दिली आणि पदरानं तोंड पुसलं. मामा त्यांच्याकडं असे बघत होते, की इतकी वर्षं ही बाई घरात आहे आणि हे तिनं कधी सांगितलंच नाही.

"आता भाऊसाहेब, तुमी आत जाऊन हुबा ऱ्हावा," मामा म्हणाले.

"मी कशाला?"

"शेतकरी म्हणून. म्हंजे किती रान हाय ते डोळ्याला दिसंल."

तलाठी आत गेले. जाळी ओलांडताना त्यांची पँट अडकली, ती सोडवायला कोतवाल गेला. मग ते मधोमध उभे राहिले, हातात कागद धरून, चारी बाजूंना कमरेएवढी जाळी. वस्तीवरच्या सगळ्या बाया बाहेरून त्यांच्याकडं बघत होत्या. वर्गात कोपऱ्यात बसणारी म्हातारी म्हणाली, "आग आई गं, खरंच एवढंच हाय," आणि तिनं डोळ्याला पदर लावला.

मामांनी मेंढरं आत सोडली. आमची साठेक मेंढरं. तलाठ्यांच्या भोवतीनं ती दाटीवाटीनं उभी राहिली.

"बगा. भरलं," मामा म्हणाले. "आता ह्याला वाटणीत प्रत्येक बाजू दुप्पट दिली असती, तर काय झालं असतं ते दाखवतो."

आमच्याकडं दुसरी वाघर होती. ती पहिलीला जोडली. वीस मीटरची बाजू, चार मेखा, आत्याबाईंच्या तिरक्या टेपा. जाळी बरोबर दुप्पट लागली. मेंढरं परत आत सोडली तर ती एका कोपऱ्यात गेली आणि बाकीचं सगळं रान मोकळं पडलं. मामा काठीनं मोजत गेले. "मघाचं एक हितं बसतं. एक हितं. एक पलीकडं. एक त्या अंगाला. जाळी दुप्पट, रान चौपट. आमच्या बापानं मला हे शिकवलं तवा मी आठ वर्षाचा होतो."

मी काठी घेऊन मातीत काढून बघितलं. एका चौकोनात चार चौकोन. बाजू गुणिले बाजू हे मी सातवीपासून पाठ म्हणत आले होते, पेपरात लिहीत आले होते. ते असं जमिनीवर कधी पडलेलं बघितलं नव्हतं. मला थोडी लाज वाटली आणि फार बरंही वाटलं. मी तिथंच उभी राहून मामांना विचारलं, "आणि तिप्पट केली तर?"

मामांनी प्रश्न माझ्याकडंच परत केला. "तूच सांग की."

"नऊ."

"मग?" मामा म्हणाले. बाई म्हणून माझी परीक्षा तिथं झाली.

तलाठी जाळीतून बाहेर आले, ओट्यावर बसून पंचनामा लिहू लागले. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचला. "अर्जात नमूद शेतकरी स्थळी आढळून आला नाही. शेत आढळून आले. शेत दहा मीटर बाजूचे, चौरस असून कर्ण मोजून खात्री केली. चतुःसीमा जाळीची. शेतात अंदाजे साठ मेंढ्या उभ्या आढळल्या. भावाबाबत उपस्थितांना माहिती नाही."

"कशी न्हाई?" आत्याबाई म्हणाल्या. "आमाला सगळी म्हाईती हाय."

बरीच ओढाताण होऊन शेवटी 'भावाचे वर्तन योग्य नसल्याचे उपस्थितांचे म्हणणे आहे' असं ठरलं.

कोतवालानं पिशवीतून अंगठ्याच्या शाईचा डबा काढला. झाकण उघडून आत्याबाईंपुढं धरला. आत्याबाईंनी तो दोन बोटांनी बाजूला सारला.

"पेन आना."

"मावशी, दोन पंच बास आहेत," तलाठी म्हणाले. "अंगठा लावा, मला अजून दोन गावं करायचीत."

"पेन आना म्हनलं ना."

आत्याबाई ओट्याला टेकून बसल्या, कागद मांडीवरच्या पाटीवर ठेवला आणि लिहायला लागल्या. एकेक अक्षर, त्याची काना-वेलांटी, मग वर रेघ. शेवटच्या अक्षरावर रेघ मारताना त्यांनी श्वास रोखून धरला होता. मागं मेंढरं ओरडत होती. त्यांचं झाल्यावर बाकीच्या आठ जणी रांगेत उभ्याच होत्या. दोघींचं नाव ओळीत मावेना तर तलाठ्यांनी कागद आडवा करून दिला. एकीचं चुकलं, ती रडकुंडीला आली, तर त्यांनीच खाडाखोड करून बाजूला स्वतःची सही केली. शेवटी मामा. त्यांनी सही केली आणि सवयीनं कागद डोक्यावरून मागं धरला. मी तो घेतला. सगळ्यांच्या आयुष्यातली कागदावरची पहिली सही, नसलेल्या माणसाच्या पंचनाम्यावर. अकरावी सही माझी.

दुसऱ्या दोन गावांना तलाठी त्या दिवशी गेले नाहीत. जेवूनच गेले.

महिन्याभरानं माझ्या मोबाइलवर संदेश आला, आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे. मी तो वर्गात वाचून दाखवला.

"म्हंजे? रान मिळालं का त्याला?" मामांनी विचारलं.

दहाही जण माझ्याकडं बघत होते. खरं सांगायचं मनात होतं, ते जिभेपर्यंत आलंही.

"मिळालं," मी म्हणाले.

"किती?"

"वीस मीटर बाजूचं. चौरस."

मामांनी पाटी उचलली. वीस गुणिले वीस मांडलं, शून्यं खाली आणली, आणि पाटी समोरून माझ्या हातात दिली. चारशे. पुढं चौरस मीटर असंही लिहिलं होतं. मीटरमधली वेलांटी ऱ्हस्व होती, ती मी तशीच राहू दिली.

परीक्षा एका रविवारी शाळेत झाली. चौथीच्या पोरांच्या बाकांवर बायांचे गुडघे मावेनात, म्हणून सगळ्या आडव्या बसल्या. चौरसाचं एक उदाहरण आलं होतं, सतरंजीचं. दहाच्या दहा जण पास झाले. आत्याबाईंना मामांपेक्षा सात मार्क जास्त पडले, त्यामुळं मामांनी दोन दिवस जेवायला बसताना त्यांच्याकडं पाठ केली.

निकालानंतरच्या बाजाराला मी आणि आत्याबाई धारूरला गेलो. भाजी घेतली, नवऱ्याला चप्पल घेतली, स्टँडवर येऊन उभ्या राहिलो. आमच्या वस्तीच्या फाट्यावर थांबणारी तेलगाव गाडी लागली. एरवी वस्तीकडचं कुणी चढतंय का, ड्रायव्हर ओळखीचा आहे का, एवढं बघून आत्याबाई चढायच्या. आज त्या गाडीसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि पाटी वाचायला लागल्या.

"धा... रू... र," त्या म्हणाल्या. "मग आडवी रेघ हाय. ही कशाला?"

"आत्याबाई, चला, गाडी सुटतीय."

"थांब गं. ते... ल... ल ला काय हाय? न्हाई, नुसता ल. ते-ल-गा..."

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. आत्याबाई बाजूला सरकल्या, पण नजर पाटीवरच. गाडी वळली, पाटी त्यांच्यासमोरून आडवी गेली आणि त्या तिच्याबरोबर चार पावलं चालत गेल्या.

"व!" त्या ओरडल्या. "तेलगाव!"

गाडी गेटबाहेर गेली. पुढची गाडी दीड तासानं होती. मी पिशव्या खाली ठेवून बाकड्यावर बसले. आत्याबाई उभ्याच होत्या. स्टँडच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत जाहिराती रंगवल्या होत्या, बियाणांच्या, सिमेंटच्या, कुठल्याशा मलमाच्या. त्यांनी पदर खोचला आणि पहिल्या जाहिरातीपासून सुरुवात केली.